रिपोर्टवरची तारीख वाचा

पावसाळा ओसरायला लागला की मुंबईच्या मैदानांवर दौऱ्यांची बोलणी सुरू होतात. मी गेली अनेक वर्षं आझाद मैदानावरच्या एका क्लबच्या शाळकरी मुलांच्या संघाचं व्यवस्थापन बघतो. तिकिटं, जेवण, किटबॅगा आणि तापाच्या गोळ्या हे माझं खातं. यंदा दौऱ्याच्या चार दिवस आधी संघातला एक मुलगा तापाने पडला आणि पालकांच्या ग्रुपवर वाद पेटला. एका बाजूचं म्हणणं, निघायच्या दिवशी सगळ्यांची टेस्ट करा आणि निगेटिव्ह येईल त्यालाच गाडीत चढवा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आता कोण टेस्ट करतं, पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये नोआ लाइल्स कोविड असताना दोनशे मीटर धावला आणि कांस्यपदक घेऊन गेला, आणि आपण चौदा वर्षांच्या पोरांच्या नाकात काड्या घालत बसायचं का? दोन रात्री मेसेज चालले. कोणी परीक्षांची आठवण काढली, कोणी घरातल्या आजीची, कोणी लसीची. सगळं वाचून काढल्यावर माझ्या लक्षात आलं की ‘कोणत्या दिवशी’ हे दोन शब्द एकानेही लिहिले नव्हते.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. खेळाडूंच्या चाचण्या आणि अलगीकरण यांवरचा आपला सगळा वाद ‘करायचं की नाही’ या एकाच खुंट्याभोवती फिरतो आणि म्हणून तो वाया जातो. चुकीच्या दिवशी केलेली चाचणी न केलेल्या चाचणीपेक्षा वाईट, कारण ती आपल्याला निर्धास्त करते. चुकीच्या तारखेपासून मोजलेलं अलगीकरण ही शिक्षा असते, तिने साथ थांबत नाही. मोजायला सुरुवात संपर्काच्या किंवा लक्षणाच्या दिवसापासून झाली पाहिजे. आपण मोजतो ते प्रवासाच्या आणि सामन्याच्या तारखेवरून, कारण आपल्या डायरीत त्याच तारखा लिहिलेल्या असतात.

विषाणूला आपली डायरी माहीत नसते. तो शरीरात शिरला की त्याचं स्वतःचं वेळापत्रक सुरू होतं. आधी काही दिवस तो पेशींमध्ये वाढत राहतो. तेव्हा माणूस ठणठणीत असतो आणि घशातल्या काडीवर काही सापडत नाही. 2020 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी उपलब्ध अभ्यास एकत्र करून आरटी-पीसीआरच्या चुकांचा हिशेब मांडला होता. लागण झाल्यावर पहिल्या दिवशी चाचणी जवळपास प्रत्येक बाधिताला निगेटिव्ह ठरवते. चौथ्या दिवशीही साधारण 67 टक्के बाधित निसटतात. लक्षणं दिसायला लागतात त्या पाचव्या दिवशी 38 टक्के निसटतात आणि आठव्या दिवशी, म्हणजे चाचणी सर्वांत भरवशाची असते तेव्हाही, वीस टक्के. हे आकडे मूळच्या विषाणूचे. ओमायक्रॉनचं घड्याळ त्याहून जलद धावायचं. दुसरं टोकही लक्षात घ्यायला हवं. बरा झालेला माणूस पुढे कित्येक आठवडे पीसीआरवर पॉझिटिव्ह येऊ शकतो, कारण मेलेल्या विषाणूचे तुकडेही ती चाचणी पकडते. म्हणजे एकच चाचणी सुरुवातीला दोषीला सोडते आणि शेवटी निर्दोषाला धरते. मधले थोडेच दिवस ती खरं बोलते. मग ते दिवस कोणते, हे न विचारता ‘रिपोर्ट दाखवा’ म्हणण्यात काय अर्थ आहे?

सरकारी मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. कोविडच्या काळात ते रोज कानावर पडले तरी आपण ते एकच समजून वापरले. आजारी माणसाला वेगळं ठेवणं म्हणजे विलगीकरण. अजून आजारी नसलेल्या, पण आजाऱ्याच्या सहवासात आलेल्या माणसाला वेगळं ठेवणं म्हणजे अलगीकरण. पहिल्याची घडी लक्षण दिसल्या दिवसापासून किंवा पॉझिटिव्ह आल्या दिवसापासून सुरू होते, दुसऱ्याची शेवटच्या संपर्कापासून. दोन्हींना सरसकट ‘क्वारंटाइन’ म्हटलं की दोन्ही घड्या एक होतात आणि सगळा हिशेब चुकतो.

हा हिशेब मी स्वतः चुकलो आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये आमचा सोळा वर्षांखालचा संघ कोल्हापूरला निघाला होता. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या, मुलं दोन वर्षांनी गावाबाहेर खेळायला निघाली होती. बुधवारी दुपारी क्लबच्या तंबूत मी सतरा मुलांची अँटिजेन चाचणी करून घेतली. टेबलावर सतरा पट्ट्या ओळीने मांडल्या होत्या आणि प्रत्येकीवर एकच रेघ, म्हणजे निगेटिव्ह. त्या ओळीचा फोटो मी पालकांना पाठवला. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसलो तेव्हा मन शांत होतं. आमचा यष्टिरक्षक लालबागचा. त्याच्या मावशीची हळद मंगळवारी झाली होती, म्हणजे चाचणीच्या आदल्याच दिवशी. मला ते माहीत होतं. त्याच्या हातावर पिवळा रंग दिसत होता आणि मी त्याला त्यावरून चिडवलंही होतं. शुक्रवारी संध्याकाळी त्याचा घसा धरला. रविवारपर्यंत पाच मुलं तापाने पडली. ज्या मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये आम्ही गाद्या टाकून झोपत होतो, तिथले रखवालदार काका मुलांना पहाटे चहा करून द्यायचे. त्यांना दमा होता. आम्ही परतल्यावर चार दिवसांनी ते रुग्णालयात दाखल झाले आणि नऊ दिवस तिथे होते. बरे होऊन घरी आले. मी भेटायला गेलो तेव्हा मुलं कशी आहेत हेच विचारत होते.

मी चाचणी केली होती, एक नव्हे, सतरा. फक्त एक प्रश्न विचारायचा राहिला: पोरांनो, गेल्या चार दिवसांत कोण कुठल्या गर्दीत गेलं होतं? त्या प्रश्नाला पैसे लागत नाहीत. उत्तर मिळालं असतं तर त्या मुलाला मी बुधवारी सोबत नेलं नसतं, शनिवारी पुन्हा चाचणी करून मागून आणलं असतं. सामने पाच दिवस चालणार होते, घाई कसलीच नव्हती.

मोठ्यांच्या बाबतीत तरी वेगळं काय झालं? ऑगस्ट 2020 मध्ये चेन्नई सुपर किंग्जचा संघ आयपीएलसाठी दुबईला गेला तेव्हा निघण्याआधी सगळ्यांच्या चाचण्या झालेल्या होत्या. तिकडे सहा दिवसांच्या अलगीकरणात पुन्हा चाचण्या झाल्या आणि तेरा जण पॉझिटिव्ह निघाले. त्यात दोन खेळाडू होते, एक दीपक चहर आणि दुसरा आपल्या पुण्याचा ऋतुराज गायकवाड. त्या वेळी सूर असा होता की एवढा खर्च करून उभारलेला बबल (खेळाडूंना बाहेरच्यांपासून वेगळं ठेवणारं कडं) फुटलाच ना! मला त्यातून नेमकं उलट दिसतं. निघतानाच्या रिपोर्टवर विसंबून त्या मंडळींना थेट सरावाला सोडलं असतं तर तेरांचे तीस झाले असते. स्पर्धा 19 सप्टेंबरला सुरू होणार होती. तिकडे वेळेत पोहोचल्यामुळे हाताशी तीन आठवडे होते आणि त्या तीन आठवड्यांनीच स्पर्धा वाचवली. ऋतुराज सावकाश परतला आणि हंगामाच्या अखेरीला सलग तीन अर्धशतकं करून गेला.

आता मँचेस्टर घ्या. सप्टेंबर 2021 मध्ये इंग्लंड दौऱ्यात ओव्हल कसोटी चालू असताना भारताचे मुख्य प्रशिक्षक रवी शास्त्री पॉझिटिव्ह आले. त्यांच्या निकट संपर्कातले प्रशिक्षक भरत अरुण आणि आर. श्रीधर वेगळे ठेवले गेले. मँचेस्टरच्या कसोटीच्या तोंडावर संघाचे फिजिओ योगेश परमार पॉझिटिव्ह आले. खेळाडूंचे रिपोर्ट निगेटिव्ह होते, तरी 10 सप्टेंबरच्या सकाळी सामना रद्द झाला. नंतर दोन्ही देशांत महिनाभर भांडण चाललं. हे आयपीएलसाठी पळाले, असा तिकडचा आरोप. खेळाडूंच्या जिवाचं काय, हे इकडचं उत्तर. फिजिओ म्हणजे खेळाडूच्या मानेला, पाठीला, मांडीला हात लावून तासन्‌तास काम करणारा माणूस. तो बाधित ठरल्याच्या दुसऱ्या दिवशीचा निगेटिव्ह रिपोर्ट काय सांगतो? जवळजवळ काहीच नाही. खेळाडूंची भीती घड्याळाला धरून होती. पण मग ज्या दिवशी मुख्य प्रशिक्षक पॉझिटिव्ह आला, त्याच दिवशी दोन्ही मंडळांनी बसून पुढच्या पाच दिवसांत कोणाची चाचणी कधी आणि कोणत्या निकालावर सामना होणार, हे लिहून का काढलं नाही? निर्णय घ्यायची वेळ ओव्हलवर होती. तो घेतला गेला मँचेस्टरला, सामना सुरू व्हायला दोनेक तास उरले असताना. बैल गेला आणि झोपा केला, याहून वेगळं काय म्हणायचं?

या सगळ्यात मला सर्वांत जास्त छळते ती गोष्ट मात्र आपल्या अंगणातली आहे आणि मुंबईतल्या क्रीडाप्रेमींनाही तिचा विसर पडला आहे. जानेवारी 2022 मध्ये महिलांची आशियाई फुटबॉल स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुणे इथे झाली. भारताचा महिला संघ 2003 नंतर पहिल्यांदा त्या स्पर्धेत खेळत होता आणि स्पर्धेतून विश्वचषकाची वाट उघडत होती. 20 जानेवारीला इराणशी शून्य-शून्य अशी बरोबरी झाली. 23 जानेवारीला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर चायनीज तैपेईशी सामना होता. बारा खेळाडू पॉझिटिव्ह निघाल्या. नियमाप्रमाणे किमान तेरा खेळाडूंची यादी द्यावी लागत होती, ती देता आली नाही. सामना पुढे ढकलला गेला नाही. संघाने स्पर्धेतून माघार घेतली असं धरलं गेलं आणि इराणविरुद्धचा निकालही पुसला गेला. म्हणजे नोंदींपुरतं बोलायचं तर आपल्या मुली ती स्पर्धा खेळल्याच नाहीत. प्रशिक्षक थॉमस डेनरबी यांनी नंतर जाहीरपणे म्हटलं की लागण हॉटेलच्या कर्मचाऱ्यांमधून आत आली आणि त्यांच्या चाचण्या वेळेवर झाल्या नाहीत. आशियाई महासंघाने हे मान्य केलं नाही. कोण बरोबर, याचा निवाडा मी करणार नाही. पण वाद कशावर होता ते बघा. चाचण्या झाल्या की नाही, यावर तो नव्हताच. हॉटेलमध्ये ताट वाढणाऱ्या, खोली झाडणाऱ्या माणसांच्या चाचण्या कोणत्या दिवशी झाल्या, यावर होता.

तीनच महिन्यांनी याच शहरात, खाडीच्या अलीकडे, दुसरा खेळ झाला. एप्रिल 2022 मध्ये दिल्ली कॅपिटल्सच्या ताफ्यात आधी फिजिओ पॅट्रिक फरहार्ट पॉझिटिव्ह आले, मग मिचेल मार्श, मग आणखी काही जण. 20 एप्रिलचा पंजाबविरुद्धचा सामना पुण्याला होता. बंद बसमधला लांबचा प्रवास टाळायचा म्हणून तो ब्रेबॉर्नवर आणला गेला. सामन्याच्या दिवशीच टिम सायफर्टचा अहवाल पॉझिटिव्ह आला, बाकीच्यांची पुन्हा चाचणी झाली आणि सामना ठरल्या वेळी खेळला गेला. दिल्लीने तो नऊ गडी राखून जिंकला. त्यानंतरचा राजस्थानविरुद्धचा सामनाही पुण्याहून वानखेडेवर आला. आयपीएलच्या नियमात बारा खेळाडू उभे राहिले नाहीत तर सामना पुढे ढकलण्याची सोय होती आणि मैदानं बदलण्याइतकं बळही होतं. मुलींच्या स्पर्धेत किमान खेळाडूंचा आकडा होता, मात्र त्या आकड्याखाली गेल्यावर दोन दिवस थांबण्याची तरतूद नव्हती. विषाणू दोन्हीकडे एकच, हंगाम जवळपास एकच. एकीकडे वेळ विकत घेता आली, दुसरीकडे नाही. हे मला आजही सहन होत नाही.

समोरच्यांचे मुद्दे मी हलके धरत नाही. पहिला मुद्दा पैशाचा. 2020 च्या सुरुवातीला खासगी प्रयोगशाळेतल्या एका आरटी-पीसीआरला साडेचार हजारांपर्यंत मोजावे लागायचे. पुढे महाराष्ट्र सरकारने दर खाली खाली आणत मार्च 2021 च्या अखेरीस पाचशेवर आणला. पाचशे रुपयेसुद्धा मैदानावरच्या क्लबला जड असतात, सतरा मुलं आणि तीन चाचण्या म्हटल्या की आमच्या हंगामभराच्या चेंडूंचे पैसे जातात. हे खरं आहे आणि म्हणूनच तारखेला महत्त्व आहे. ज्याच्याकडे पैसे भरपूर आहेत त्याने रोज चाचणी करावी, एखादा दिवस चुकला तरी दुसरा लागेल. ज्याला एकच चाचणी परवडते त्याने ती कोणत्या दिवशी करायची याचा दहादा विचार केला पाहिजे. गरीब संघाला घड्याळ परवडत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हिशेब उलटा धरला आहे.

दुसरा मुद्दा जास्त खोलवरचा आहे आणि त्याच्यापुढे मी मान खाली घालतो. एप्रिल 2021 मध्ये वानखेडेवर आयपीएलचे सामने चालू होते. 4 एप्रिलला एका दिवसात मुंबईत 11,163 रुग्ण सापडले होते. लोक बेडसाठी वॉर्ड ऑफिसच्या वॉर रूमला फोन लावत होते, रिपोर्टसाठी दोन-दोन दिवस ताटकळत होते आणि मरीन ड्राइव्हच्या कडेला खेळाडूंचे स्वॅब नियमित घेतले जात होते. अश्विन घरच्यांच्या आजारपणामुळे स्पर्धा सोडून गेला तेव्हा अनेकांना वाटलं, एकाने तरी बाहेर बघितलं. त्या महिन्यात खेळायला नको होतं, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. पण ‘खेळूच नका’ हा एक निर्णय आणि ‘खेळायचं ठरलं आहे, तर कसं’ हा दुसरा. पहिला हरलो म्हणून दुसरा वाऱ्यावर सोडता येत नाही, कारण त्याची किंमत खेळाडूंपेक्षा भोवतालची माणसं जास्त मोजतात. स्पर्धा सुरू होण्याआधीच वानखेडेवरचे मैदान कर्मचारी पॉझिटिव्ह निघाले होते. खेळाडू पंचतारांकित बबलमध्ये होते आणि त्यांच्यासाठी खेळपट्टीवर रोलर फिरवणारी माणसं रोज लोकलने ये-जा करत होती. ती बाधित निघाल्यावर त्यांची राहण्याची सोय स्टेडियमवरच केली गेली. जी गोष्ट नंतर करता आली ती दहा दिवस आधी करायला काय हरकत होती? अलगीकरणाच्या यादीत माळी, आचारी आणि बसचा चालक यांची नावं कर्णधाराच्या नावासोबत, त्याच तारखेला आली पाहिजेत. 4 मे रोजी स्पर्धा थांबली तेव्हा चार संघांमध्ये विषाणू पोहोचलेला होता.

तिसरा मुद्दा आजचा, आणि आमच्या ग्रुपवर तोच सर्वांत जोरात होता. आता विषाणू सौम्य झाला, लोकांना लस मिळाली, लोक बाधित असूनही खेळतात आणि आभाळ कोसळत नाही. बरोबर आहे. मी तर पुढे जाऊन म्हणेन की सुदृढ खेळाडूला निव्वळ दुसऱ्या रेघेवरून दहा दिवस कोंडून ठेवण्याचे दिवस गेले आणि ते चांगलंच झालं. खेळाडूंच्या मनावर त्या खोल्यांनी काय परिणाम केला ते बेन स्टोक्सने विश्रांती घेतली तेव्हा आणि बुमराहने बबलच्या थकव्याबद्दल बोलून दाखवलं तेव्हा सगळ्यांनी ऐकलं. पण सौम्य झाला म्हणून नियमच नको, हे त्यातून कसं निघतं?

बर्मिंगहॅमचं एजबॅस्टन मैदान डोळ्यांसमोर आणा. मँचेस्टरची रद्द झालेली कसोटी 1 जुलै 2022 ला तिथे खेळली गेली. आपला रोहित शर्मा 25 जूनला पॉझिटिव्ह आला होता. सामन्याच्या आदल्या दिवशीही रिपोर्ट पॉझिटिव्हच आला म्हणून तो बाहेर बसला, नेतृत्व बुमराहने केलं आणि इंग्लंडने 378 धावांचा पाठलाग करून कसोटी जिंकली. पाच आठवड्यांनी, 7 ऑगस्टला, त्याच मैदानावर राष्ट्रकुल स्पर्धेचा महिला क्रिकेटचा अंतिम सामना झाला. ऑस्ट्रेलियाची ताहलिया मॅकग्रा त्या दिवशी पॉझिटिव्ह होती. आयोजकांनी आयसीसीशी बोलून परवानगी दिली, ती मास्क लावून बाकीच्यांपासून लांब बसली आणि खेळली. भारत नऊ धावांनी हरला. मॅकग्राला खेळू दिलं म्हणून आपण हरलो, असं मी म्हणत नाही, तिने सामन्यावर फारसा प्रभाव टाकला नव्हता. तिला खेळू देणं चूक होतं, असंही नाही. मला एवढंच विचारायचं आहे की एकाच मैदानावर, एकाच उन्हाळ्यात, आजाराच्या सहाव्या दिवशी असलेला रोहित घरी बसतो आणि त्याच दिवशी पॉझिटिव्ह आलेली खेळाडू मैदानात उतरते, याला काय म्हणायचं? विषाणूच्या घड्याळाने बघितलं तर दुसऱ्याला लागण देण्याची शक्यता कोणाकडून जास्त होती? नियम सामन्याच्या सकाळी बनवला की तो ताकदवानाच्या बाजूने झुकतो. ऑस्ट्रेलियाच्या जागी एखादा छोटा संघ असता आणि खेळाडू राखीव फळीतली असती, तर तोच निर्णय झाला असता का?

हे कोविडने जन्माला घातलेलं दुखणं नाही. मुंबईने ते सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिलं आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. लोक शहर सोडून पळू लागले तशी रेल्वे स्थानकांवर तपासणी बसली. प्रवाशांना रांगेत उभं करून ताप आणि गाठी बघायच्या. ज्याला ताप होता तो उतरवला गेला. ज्याच्या अंगात प्लेग दोन दिवसांपूर्वी शिरला होता आणि अजून ताप चढायचा होता, तो तपासणी पास होऊन पुढच्या गावाला गेला. माझ्या सतरा पट्ट्या आणि ती रांग यांत फरक काय? पुढे 1897 चा साथरोग कायदा आला, पुण्यात रँडच्या अधिकाऱ्यांनी घराघरांत शिरून माणसं ओढून नेली आणि त्याचा शेवट 22 जूनला गणेशखिंडीत कसा झाला हे मराठी माणसाला सांगायला नको. कोणाला किती दिवस, कशासाठी वेगळं ठेवतो आहोत हे न सांगता केलेल्या सक्तीवर लोक विश्वास ठेवत नाहीत. 2021 मध्ये आमच्या मैदानावर मुलं ताप लपवत होती, ते याच कारणाने. ताप सांगितला की चौदा दिवस गेले, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

खेळातला दाखलाही जुना आहे. 1919 साली इन्फ्लुएन्झाच्या साथीत सिएटलला आइस हॉकीच्या स्टॅनले कपची अंतिम मालिका चालू होती. पाच सामने झाले, मॉन्ट्रियलचे खेळाडू एकामागून एक पडत गेले आणि निर्णायक सामना सुरू होण्याच्या काही तास आधी मालिका रद्द झाली. चार दिवसांनी जो हॉल हा त्यांचा खेळाडू गेला. तेव्हा चाचणी नव्हती, विषाणू म्हणजे काय तेही नीट माहीत नव्हतं. आपल्याकडे सगळं असून आपण अजून त्याच शेवटच्या काही तासांत निर्णय घेतो.

छोट्या संघांनी काय करावं, हे मला विचाराल तर ते एका वहीच्या पानावर मावतं. दौऱ्याच्या पंधरा दिवस आधी एक कागद करा. त्यावर मुलांसोबत स्वयंपाकी, स्कोअरर आणि चालक यांचीही नावं हवीत. कोणी आजारी पडलं तर दोन तारखा लिहा, लक्षण कधी दिसलं आणि त्याआधी तो कोणासोबत शेवटचा कधी होता. पुढचे दिवस त्या तारखांवरून मोजा, आणि कोणता आजार आहे ते बघून मोजा. फ्लूची लागण साधारण एक ते चार दिवसांत कळते. गोवर दिसायला दहा-बारा दिवस लागतात आणि पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून तो पसरतो. 2022 मध्ये गोवंडीत गोवराची साथ आली तेव्हा तिकडची मुलं सगळ्या मैदानांवर खेळत होती, हे किती जणांच्या ध्यानात होतं? गालगुंडाला दोन-तीन आठवडे लागतात. सगळ्यांना एकच सात किंवा चौदाचा आकडा लावणं म्हणजे सगळ्या मुलांना एकाच मापाचे बूट देणं. कोविडची चाचणी करायचीच असेल तर संपर्काच्या दुसऱ्या दिवशी करून पैसे घालवू नका, लक्षणं दिसली की लगेच करा किंवा संपर्कानंतर चार-पाच दिवस थांबून करा. आणि मुलगा बाहेर बसला तर तो परत कधी येणार, ती तारीख त्याला पहिल्याच दिवशी सांगा.

ग्रुपवर मी हे लिहिलं तेव्हा एका आईने विचारलं, “सर, पण रिपोर्ट निगेटिव्ह आला तर गुरुवारी नेणार ना त्याला?” म्हणून मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो, करी रोडला. मुलगा उशाला बॅट घेऊन झोपला होता. डॉक्टरांनी फ्लू सांगितला होता. ताप कधी आला, असं विचारल्यावर तो म्हणाला, रविवारी रात्री. शेवटची प्रॅक्टिस शनिवारी झाली होती. मी त्याच्याच वहीच्या मागच्या पानावर वार लिहिले. इतर मुलं शनिवारी त्याच्यासोबत होती, त्यांचे चार दिवस बुधवारी संपतात, म्हणून बुधवार रात्रीपर्यंत ज्याला काही होणार नाही तो गुरुवारच्या गाडीत. त्याचे स्वतःचे पाच दिवस शुक्रवारी भरतात. सामने शनिवार, रविवार आणि सोमवारी.

“म्हणजे पहिली मॅच गेली,” तो म्हणाला.

“ताप उतरून पूर्ण एक दिवस झाला असेल, तोही गोळी न घेता, तर शुक्रवारी रात्रीच्या गाडीने बाबांबरोबर यायचं. रविवारी तू खेळतोस.”

त्याने वही ओढून घेतली आणि बोटांवर मोजायला लागला, सोमवार, मंगळवार, बुधवार. मग शुक्रवारवर थांबून त्याने आईकडे बघितलं आणि विचारलं, बाबांना सुट्टी मिळेल का.